चार वाजताचा डाव

चार वाजले की बोरखेडीत दोन वस्तू हमखास अडकत. एक राळेगावहून येणारी एस.टी., जी फाट्याच्या चढावर येऊन धापा टाकायची. आणि दुसरा डोमाजीचा स्ट्रायकर.

एस.टी.ला चार माणसांनी धक्का दिला की ती निघायची तरी. स्ट्रायकरला धक्का द्यायची सोय नव्हती, कारण तो मोबाईलमधला होता. डोमाजी ओसरीत खाटेवर मांडी घालून बसायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, बोटाने नेम धरायचा. लाल राणी समोर, भोक तिच्या मागे सरळ रेषेत. आंधळ्यानेही मारली असती. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्याच्या मधोमध एक पांढरं चाक गरगर फिरायला लागायचं. पंधरा सेकंद फिरायचं. तेवढ्यात पाळी जायची.

"गेली! गेली माही राणी!" डोमाजी ओरडायचा, आणि त्याच श्वासात, "रुपाली! बंद कर ना तुहं नेट!"

स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज यायचा, "मामाजी, माह्यं बंदच हाय."

"चोर कधी म्हणते का मी चोर हाव म्हून?"

पोळपाटावर लाटणं थोडं जोरात फिरायचं, एवढंच. दिवाळीपासून हे रोज चाललं होतं आणि आता उन्हाळा लागला होता. भिंतीवरची पालसुद्धा पावणेचार वाजता आपली जागा सोडून छपरात जाऊन बसत असे, असं सांगतात. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

आता हा डाव डोमाजीला एवढा जिवापाड का, तेही सांगायला हवं. तो बत्तीस वर्षं राळेगावला एका जिनिंगमध्ये रेच्यावर होता. सरकीतून रुई वेगळी करणारी ती मशीन, आणि तिच्यासमोर उभा असलेला नेमसिंग राठोड हा त्याचा जोडीदार. दुपारच्या सुट्टीत दोघं फाटकाजवळ कॅरम खेळायचे. नेमसिंग आता आर्णीकडच्या आपल्या तांड्यावर होता. वर्षभरापूर्वी त्याची कंबर मोडली आणि तो जो खाटेला लागला तो लागलाच. त्याच्या नातवाने त्याच्या मोबाईलमध्ये कॅरम घालून दिला. तेव्हापासून रोज चार वाजता आर्णीच्या तांड्यावर एक म्हातारा आणि बोरखेडीत एक म्हातारा असे समोरासमोर बसत. मध्ये पन्नास-साठ मैल असतील, पण ते दोघं मोजत नसत.

नेट घरात आणलं होतं डोमाजीच्या मुलाने, राजदीपने. तो वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्याने नेट आणलं ते बायकोसाठी. रुपाली बालशिक्षणाचा दोन वर्षांचा कोर्स घरी बसून करत होती. कोर्स संपला की राळेगावच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायची जागा मिळण्यासारखी होती. पण घरात आलेली चांगली वस्तू ज्याच्यासाठी आणली त्याच्याच हाती राहील, असा कुठे नियम आहे! खाट आणली सुनेला, झोपतो सासरा, ही तर आपली जुनी रीत.

आणि घरात होता स्वतःच्या शेतातला कापूस. त्या साली कापूस घरातून निघायला तयारच नव्हता. आदल्या वर्षी भाव असा चढला होता की लोकांच्या माना वर बघून दुखल्या. त्या मानदुखीच्या आठवणीवर सगळ्या गावाने यंदाचा कापूस घरात भरून ठेवला. भाव वर जायचा राहिला आणि खालीच सरकत गेला. डोमाजीच्या घरात मागची खोली आढ्यापर्यंत भरली, मग मधली अर्धी भरली. मधल्या घरात कापसाने न व्यापलेली एकच भिंत उरली होती, बाबासाहेबांच्या तसबिरीची. कापसातले किडे अंगाला डसत आणि सगळं घर खाजवत जेवायचं, खाजवत झोपायचं. कोणी कोणाला "कसं काय" विचारत नव्हतं. एकच प्रश्न होता, "इकला का?" आणि एकच उत्तर, "नाई ना."

अशा घरात, एप्रिलच्या एका रविवारी, रुपाली हात पदराला पुसत सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, येत्या शुक्रवारी चार वाजता माही तोंडी परीक्षा हाय. नेटवर. समोरून मॅडम प्रश्न इचारते, आपण दिसलो पाहिजे. दोनदा चित्र तुटलं त नापास धरतेत, मंग पुढच्या साली. त्या दिवशी चार वाजता..."

"चार वाजता?" डोमाजीने चष्मा काढला. "चार वाजता नेमसिंग माही वाट पायते. बिछान्यावर पडेल माणूस. दिवसातून त्याले तेवढंच एक सुख हाय. ते बी बुडवू म्हणतं?"

"वीस मिनिटं, मामाजी. फक्त."

"तू वीस मिनिटं म्हणशीन अन् तुहं नेट दिवसभर पित राहीन. पाच महिन्यापासून पाऊन राह्यलो मी."

रुपाली वळून स्वयंपाकघरात गेली. थकलेल्या माणसाला वाद घालायचाही कंटाळा येतो. सोमवारी सकाळी तिने एका पिशवीत दोन साड्या आणि वह्या घातल्या आणि माहेरी जायला कळंबच्या गाडीत बसली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर डोमाजीची बायको कौसल्या दारातून आत आली. "गेली," ती म्हणाली. "आता तुमचं नेट मोकळं. खेळा."

त्या दिवशी डोमाजी पावणेचारलाच खाटेवर बसला, राजा सिंहासनावर बसावा तसा. डाव सुरू झाला. नेम धरला. राणी समोर. आणि पांढरं चाक गरगर फिरलं.

"रुपा..." एवढंच तोंडातून निघालं. बाकीचं नाव ओसरीतच लटकून राहिलं. स्वयंपाकघरात कौसल्या तुरीची डाळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाखडू लागली.

मंगळवारीही चाक फिरलं. त्या दिवशी डोमाजीने आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला. मग तारेवर बसलेल्या कावळ्यांवर. मग ढगांवर, पण यवतमाळात एप्रिलमध्ये ढग कुठले! शेवटी तो थेट दिल्लीपर्यंत जाऊन पोचला आणि तिथूनही रिकाम्या हाताने परतला. डाव हरल्यावर नेमसिंगचा फोन आला.

"काय भिया, झोपला होता का? राणी समोर उभी अन् तू गायब!"

"अरे नेट अडकते ना बाप्पा."

"तू त म्हणे सून नेट पिते. ते त माहेरी गेली म्हणतं. मंग आता कोन पिऊन राह्यलं?"

तिकडे नेमसिंग खोकत हसला.

"डोमाजी, तुले आठोते का, रेचा अडकला की तू पयले कोणाले शिव्या देत होता?"

"कोणाले?"

"कापूस टाकणाऱ्या बायाईले. 'वला टाकला, जास्त टाकला, कचरा टाकला.' त्या बिचाऱ्या मान खाली घालून उभ्या. अन् मंग मिस्त्री येऊन खोलून पाये, त पट्टा ढिल्ला. पट्टा कोण बांधे?"

"...मी."

"एकदा नाई, भिया. दहादा तसंच झालं. अन् त्या बायाईले तू कधी म्हटलं नाई का माही चूक झाली म्हून. मी समोर उभा होतो, म्या पाह्यलं. आता त्या नेटवाल्या श्रावणले बोलाव अन् पट्टा पाय."

फोन बंद झाला. डोमाजीने श्रावणला निरोप धाडला. अंगाला खाज सुटली होती, पण ती कापसाची होती की आणखी कशाची, ते त्यालाही उमगेना.

बुधवारी दुपारी श्रावण आला. पंचक्रोशीत नेटच्या तारा ओढणारा हाच. ओसरीत पाय ठेवताच त्याने वर पाहिलं.

"बाबा, राऊटर कुठी हाय? मी त अठी वर खिळ्याले टांगून गेलतो!"

"मागच्या खोलीत. बंदोबस्तात ठेवलं हाय." डोमाजीच्या आवाजात जुना ताठा परत आला. त्याने बंडीच्या खिशातून किल्ली काढली.

बंदोबस्त कसला, तर असा. जिनिंगच्या फाटकावर विडी-माचिस काढून घेतल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत. एक ठिणगी आणि सगळी रुई राख! बत्तीस वर्षं ती भीती अंगात मुरली होती. त्यामुळे दिवाळीला कापूस घरात आला तेव्हा भिंतीवर लुकलुकणारं ते यंत्र पाहून डोमाजीची झोप उडाली. शिवाय कापसापाठोपाठ उंदीरही आले. म्हणून त्याने आपली जुनी लोखंडी पेटी काढली, तिला खिळ्याने वायरीपुरतं भोक पाडलं, यंत्र आत ठेवलं, वर कुलूप घातलं आणि पेटी मागच्या खोलीत कापसाच्या आडोशाला, भिंतीच्या कोपऱ्यात सारली. ठिणगी बाहेर येणार नाही, उंदीर आत जाणार नाही! या अकलेवर तो स्वतःच इतका खूश झाला होता की चार जणांना त्याने ती पेटी नेऊन दाखवली होती. चौघांनीही मान डोलावली होती.

श्रावण ढिगाच्या कडेला सोडलेल्या वाटेने, कापसात गुडघ्यापर्यंत रुतत कोपऱ्यात पोचला. पेटी उघडली. आतून भट्टीसारखी वाफ आली.

"अरे बाप्पा!" त्याने हात झटकला. "बाबा, हे काय केलं तुमी! लोखंडातून नेट बाहेर येतच नाई. त्या वायरीच्या भोकातून जे थोडं निंगते ते कापसाच्या ढिगातून अन् दोन भिताडातून रांगत रांगत तुमच्या खाटेपावतर येते. ते पोचते हेच नवल! अन् पाहा, हात लावून पाहा, किती तापलं. याले हवा लागते. आग लागायची असती ना, त याच पेटीतून लागली असती!"

डोमाजीने हात लावला आणि काढून घेतला. ज्या आगीच्या भीतीने पेटीला कुलूप घातलं, ती आग त्याने स्वतःच पेटीत सांभाळून ठेवली होती!

श्रावणने यंत्र बाहेर आणलं. मधल्या घरात उभं राहून चारी भिंती पाहिल्या आणि तसबिरीच्या भिंतीकडे बोट केलं. "अठी. घराच्या मधात, उंच, मोकळ्यावर. जवळ लोखंडी कपाट नाई, फ्रीज नाई. चारी बाजूनं सारखं पोचते."

डोमाजी चुळबुळला. "बाबासाहेबाच्या बाजूले? बरं दिसते का ते?"

इतका वेळ उंबऱ्यावर टेकून उभी असलेली कौसल्या बोलली. "शिकायची वस्तू हाय. तिथीच शोभते."

खिळा ठोकला गेला. मग श्रावणने आपला मोबाईल काढला. "कोण कोण या नेटवर हाय ते पाहू. हा टीव्ही. दुपारची मालिका नेटवरूनच लावता ना आत्याबाई?" त्याने कौसल्याला विचारलं. "डावाच्या वेळी बंद ठेवत जा. हा तुमचा फोन, बाबा. याच्यात येणारा एकूणएक व्हिडिओ आपोआप उतरून राह्यला. सकाळचे फुलाचे, सूर्याचे. डाव सुरू असला तरी उतरते. तुमचं नेट अर्धं त तुमीच पिता! ते बंद करून देतो. अन् हा आत्याबाईचा. बस, तीनच."

"अन् रुपालीचा?" डोमाजीने विचारलं.

श्रावणने बोट वरखाली फिरवलं. जोडलेल्या फोनांची जुनी यादी काढली. "वहिनीचा फोन... हा. दिवाळीच्या आठवड्यात शेवटचा जुळला होता. त्याच्यानंतर एकदाबी नाई."

कापसाचा एक बोळा वरून सुटून खाली आला.

"मंग ते अभ्यास कुठी करे?" डोमाजीने अखेर विचारलं. प्रश्न श्रावणला नव्हता.

"एस.टी.च्या थांब्यावर," कौसल्या म्हणाली. "पिठाच्या चक्कीपाशी रेंज येते. रोज दोन शेर दळण घेऊन जाये. डबा चक्कीवर ठेवे अन् थांब्यावर बसून ऐके मॅडमचं. उन्हात, धुळीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. पाच महिने आपल्या घरी रोज ताजं पीठ येऊन राह्यलं. तुमी मोठ्या खुशीत म्हणत होते, 'सून आली अन् भाकरीले चव आली.' दोन शेर दळणाले दोन घंटे लागतेत का हो?"

"तू मले काहून नाई सांगतलं?"

"ती रोज सांगत होती. 'मामाजी, माह्यं बंदच हाय.' तुमी ऐकलं का? तुमच्या घरात काहीबी अडकलं, भाव अडकला, मोटर अडकली, नेट अडकलं, की तुमी सगळे पयले सुनेच्या हाताकडे पाहता. मी बी सून होती या घरची. तवा नेट नव्हतं, म्हून चुलीचा धूर माह्या नावावर होता. मी थकली हो सांगू सांगू. आता तीबी थकली. एका घरात किती बायाईनं थकावं?"

कौसल्याने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर डोमाजीला काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्याने भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी पाहिलं आणि मान खाली घातली. बत्तीस वर्षांत त्याने इतका ढिल्ला पट्टा पाहिला नव्हता!

गुरुवारी सकाळी सगळ्या बोरखेडीने एक अघटित पाहिलं. सुनेला आणायला तिचा भाऊ येतो, नाहीतर नवरा जातो. इथे सासरा स्वतः धुतलेलं धोतर नेसून कळंबच्या गाडीत चढला. एस.टी.सुद्धा त्या दिवशी चढावर अडकली नाही म्हणतात. लाजली असेल.

माहेरच्या घरी रुपाली गच्चीवर होती. भरउन्हात, डोक्यावर ओला टॉवेल, आणि मोबाईल झाडूच्या दांड्याला बांधून वर धरलेला. रेंज कुठे येते ते ती शोधत होती. खालून इवायाची, म्हणजे तिच्या वडिलांची, हाक आली, "बाई, तुहे मामाजी आले!" तशी ती घाबरून खाली धावली.

"मामाजी, आत्याबाई बऱ्या हायेत ना?"

"बरी हाय." डोमाजी बाजेवर बसला नाही. वाटेत त्याने चांगली दहा वाक्यं जुळवली होती. ती सगळी गाडीतच राहिली. त्याने बंडीच्या खिशातून किल्ली काढून तिच्या पुढे धरली. "हे घे. पेटीची हाय. पेटीत आता काई नाई, नेट भिताडावर टांगलं. पण ठेव तुह्यापाशी. मी चुकलो, माय. माहीच पेटी, माहंच कुलूप, अन् मी तुले चोर म्हटलं."

इवाई गोंधळून कधी किल्लीकडे पाहत होता, कधी डोमाजीकडे. रुपालीने किल्ली घेतली नाही लगेच.

"मामाजी, उद्या चार वाजता नेमसिंगकाका वाट पाहतीन."

"काल फोनवर सारं सांगतलं, त नेमसिंगनंच मले अठी पाठोलं. अन् तो म्हणे एकटा वापस येऊ नको."

तेव्हा तिने किल्ली घेतली.

शुक्रवारी पावणेचार वाजता तसबिरीच्या भिंतीखाली एक खुर्ची आणि एक टेबल मांडलं गेलं. रुपाली आत बसली, दार लोटलं. आणि ओसरीत डोमाजी जिनिंगच्या फाटकावरच्या चौकीदारासारखा बसला. समोर टोपी उलटी ठेवली आणि सगळ्यांचे मोबाईल बंद करवून तीत जमा केले. सगळ्यात आधी स्वतःचा. टीव्हीची पिनसुद्धा काढून खिशात घातली.

बरोबर चार वाजता दारात एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. फुलचंद व्यापारी! पाच महिन्यांत पहिल्यांदा कापूस घ्यायला कोणीतरी आपल्या पायाने दारात आलं होतं. त्याने जोरात हॉर्न वाजवला.

डोमाजी अनवाणी धावला. "बंद कर! गाडी बंद कर!"

"डोमाजीभाऊ, कापूस दाखवा. मागच्या खोलीत हाय ना? मधातून जाव लागन."

"मधातून जाता येत नाई. सुनेची परीक्षा सुरू हाय. वीस मिनिटं बस. अन् फोन या टोपीत टाक."

"भाऊ, मले अजून चार गावं करायची हायेत. आता दाखवा, नाईतर उद्या भाव आणखी उतरन. मंग मले म्हणू नका."

डोमाजीने त्या टेम्पोकडे पाहिलं. रिकामा होता. आत अख्खी खोली मावली असती. खाजेची, उंदरांची, किड्यांची, वाट पाहण्याची अख्खी खोली! कौसल्या दारात आली होती. तिनेही टेम्पो पाहिला आणि ती दारातच आडवी उभी राहिली.

"उतरू दे," डोमाजी म्हणाला. "कापसाले वाट पायची सवय झाली हाय. सुनेनं लय वाट पायली."

फुलचंद हात उडवून टेम्पोत जाऊन बसला. टेम्पो डोमाजीनेच थोडा पुढे ढकलला, वळणापर्यंत. सुरू करायचा आवाज तरी घरापासून लांब व्हावा म्हणून. मग तो धापा टाकत येऊन पुन्हा फाटकावर बसला.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. रुपालीचा चेहरा घामाने भिजला होता.

"एकदाबी अडकलं नाई, मामाजी. मॅडम म्हणे, तुमचा आवाज सगळ्याईत साफ येते, कोणत्या शहरातून बोलता?"

"मंग तू काय सांगतलं?"

"बोरखेडी. तालुका राळेगाव."

कौसल्या हसली. या घरात कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते. रुपालीने टोपीतून सासऱ्याचा मोबाईल उचलला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या. काका थांबले असतीन."

डाव लागला. डोमाजीने नेम धरला आणि डोळे बारीक केले. स्ट्रायकर तिरासारखा सुटला. पांढरं चाक नाही, काही नाही! आणि राणीला वळसा घालून तो सरळ भोकात गेला. पुढच्या पाळीला नेमसिंगने राणी अलगद नेली. फोनवर त्याचं खोकत हसणं ऐकू आलं, "भिया, आता काय सांगशीन?"

आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हरायलासुद्धा स्वतःचंच नाव लावावं लागत होतं. पण डोमाजीला त्या हरण्यात, कितीतरी दिवसांनी, दम घेतल्यासारखं वाटलं.

मंडळी, नेट सुरळीत चालवायचं असेल तर यंत्र उंच, मोकळ्यावर आणि घराच्या मधोमध टांगा, हे श्रावण तुम्हाला सांगेल. त्याचा सल्ला जरूर ऐका. पण घर सुरळीत चालवायचं असेल तर एक गोष्ट त्याहून आधी करा. घरात काही अडकलं की जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्याकडे बोट दाखवायची घाई करू नका. त्याने "माझं बंदच आहे" म्हटलं असेल, तर एकदा तरी खरं माना. आणि ते बोट तसंच वळवून आधी आपल्या खिशात घाला. पेटीची किल्ली बहुतेक वेळा तिथेच सापडते!